पेजेवरचं पथ्य

ऑपरेशनची जखम न भरताच बायको वारली, तेव्हापासून भीमसेन एकटाच असे. जांबोटीच्या बसची वाट बघत तो स्टँडवर बसला होता. शेजारी दोघी बोलत होत्या.

“गंगव्वा, लेकीची आपरेशनची जखम भरली का गं?”

“न्हाय अजून. नुसत्या पेजेवर ठेवलीया. डाळीनं, अंड्यानं जखम पिकती, म्हणती तिची सासू.”

“आणि नर्सबाई?”

“ती उलटंच सांगती. अंगाच्या कणाकणात म्हणं नकाशा असतोय. फाटला तर अंगच सांधतंय, आणि त्याबरहुकूम मांस विणतंय. त्याला डाळ, अंडी पायजेत म्हणं. म्या म्हटलं, दाव नकाशा. तर हसली. कुणाचं खरं धरू?”

भीमसेन वळला. “आक्का, पेजेवर जखम भरतच न्हाय?”

“नर्सबाई तसंच म्हणती, आप्पा. तुमच्यात कोण आजारी हाय?”

“आता कोण न्हाय. तुम्ही डाळ घाला.”