पाणी तपासायची पेटी

(१९७१. नगरच्या बाजारात शाळांच्या प्रयोगशाळेचं सामान विकणारं दुकान. मालक आप्पासाहेब. समोर साखर कारखान्याच्या वसाहतीतला पोहण्याचा तलाव राखणारा रंगनाथ आणि त्याची बायको छबूबाई.)

रंगनाथ : नवी पेटी तर द्याच, आप्पासाहेब. पन जुनी बिघडली अशी दोन वळींची चिठ्ठी बी द्या. मॅनेजरसाहेबांनी मागितलीया.

आप्पासाहेब : बिघडली हे कशावरून?

रंगनाथ : तलावाचं पानी मी रोज घरी आनून तपासतो. औषधाचे थेंब टाकले का पिवळं. पिवळं म्हंजे पान्यात जंतू मारायची पावडर हाय. तरी सात पोरांचे कान फुटले. डॉक्टर म्हंत्यात, पावडर कमी पडती. मंग खोटं कोन? पेटीच की.

छबूबाई : चिटनिसांच्या मालूला तर ऐकूच कमी येतंय.

रंगनाथ : तू गप. चिठ्ठी न्हाई नेली तर नोकरी गेली म्हून समज.

आप्पासाहेब : दोन पेट्या आहेत. ही तुमच्यासारखीच. पिवळा रंग या फिक्या-गडद काचांशी जुळवायचा, म्हणजे पावडर किती ते कळतं. दुसरीत पाणी निळं होतं. ते निळं जाईपर्यंत थेंब मोजायचे.

रंगनाथ : पिवळीच द्या. हात बसलाय. काचा नसल्या तरी चालंल. पिवळं झालं का झालं, जुळवत बसतंय कोन.

आप्पासाहेब : कधीच जुळवत नाही? बरं, ही नळी घ्या. पायरीवर उजेडात बघून सांगा.

रंगनाथ : हे काय, पिवळंच की. पावडर हाय.

छबूबाई : अवो, साधं पानी हाय ते. आता माझ्यासमोर माठातनं घेतलं त्यांनी. थेंब टाकलाच न्हाई.

रंगनाथ : पिवळं हाय, छबू.

छबूबाई : धोतराचं बी तुमी असंच म्हंता. दोनदा नीळ दिली तरी पिवळं. मला वाटायचं, भांडायला निमित्त पायजे मानसाला.

आप्पासाहेब : कधीपासून असं दिसतंय, रंगनाथराव?

रंगनाथ : पाडव्यापासनं. वाटलं, उन्हाचं असंल.

आप्पासाहेब : मोतीबिंदू असेल. त्यात सगळंच पिवळट दिसतं. डॉक्टरांना दाखवा, काढता येतो.

छबूबाई : ते करू. आधी चिठ्ठी द्या, आप्पासाहेब. दोनच वर्सं ऱ्हायली नोकरीची. पेटी बिघडली म्हनलं तर कुनाचं काय जातंय?

रंगनाथ : सात पोरं हायती, छबू. मी रोज वहीत लिवलं, पानी चांगलं हाय. त्या वहीच्या भरवशावर आयांनी पोरं तलावात सोडली.

छबूबाई : तुमी मुद्दाम केलं का?

रंगनाथ : न्हाई. पन काचांकडं बघितलं न्हाई, ते तर मीच ना? आप्पासाहेब, चिठ्ठी लिवा. जुनी पेटी चांगली हाय, असं लिवा.

आप्पासाहेब : नीट विचार करा.

रंगनाथ : केला. लिवा.

आप्पासाहेब : आणि नवी पेटी? ती आता लागणार नाही तुम्हाला.

छबूबाई : व्हय, ऱ्हाऊ द्या. जुनीच्या काचा पुसून ठिवते. नवा राखनदार येईस्तवर रंग मी जुळवीन.