बाजीप्रभूला दिलेला वसा

रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर पाहिला होता कोणी? पण आमच्या धाकट्या वन्सं दिवाळी अंकासाठी युद्धकथा लिहीत होत्या. त्यात आपलं विचार करणारं लढाऊ यंत्र 'बाजीप्रभू', शत्रूचं 'सिकंदर', आणि जयगडच्या खाडीत दोघांची जुंपलेली! टपाल निघायला तासभर उरला, तशा वन्सं रडकुंडीला आल्या.

"वहिनी, सिकंदरनं पांढरं निशाण दाखवलं, तरी बाजीप्रभू थांबतच नाही! शेवट कसा करू?"

माझा सोमवारचा उपास, वाती वळत होते. म्हटलं, "त्याला वसा द्या. शरण आलेल्यावर तोफ डागायची नाही."

वन्संनी टाळीच वाजवली. झोपाळ्यावरून मामंजी हसले, "व्रत म्हटलं की उद्यापन आलं. ते कधी गो?"

मी म्हटलं, "जगातली सगळी यंत्रं हाच वसा घेतील, त्या दिवशी!"

वन्संनी तेवढं लिहिलं आणि अनवाणीच पोस्टाकडे धावल्या.