जहागीरदारांच्या नावेचं इंजिन

निजामाच्या राज्यात आमच्या तुळजापूरकडच्या एका जहागीरदारांनी नावेला लावायचं जुनं इंजिन घेतलं, तेही माझ्या, म्हणजे गावच्या किराणा दुकानदाराच्याच, ओळखीनं. जोरात झकास पळायचं, पण वेग कमी केला की फुसफुसून बंद!

जहागीरदार मला म्हणाले, "शेटजी, उद्या जावईबापू तलावात फिरणार. हे बंद पडलं तर तुमालाच वल्हवायला बसवीन."

मीही हट्टाला पेटलो. प्लग पुसला, नळ्या फुंकल्या, दोरी ओढून हात सोलले. शेवटी धुराला भज्यांच्या कढईसारखा वास आला.

असल्या इंजिनाच्या पेट्रोलात थोडं तेल मिसळावं लागतं, म्हणून नाव चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, "करीमभाई, पेट्रोलमधी तेल कुठलं मिसळता?"

"तुमच्याच दुकानचं. करडईचं."

टाकी धुऊन मशीनचं तेल मिसळलं, तेव्हा कुठं इंजिन संथ चालू लागलं.

"लई बरं झालं, शेटजी," करीमभाई म्हणाले. "उद्या जावईबापूंसाठी साजूक तूप घालणार होतो."