ओलं गोणपाट

सेलिन : ह्या कुत्रीच्या आईला नेमकं काय झालं होतं, ते पुन्हा एकदा सांगा, मावशी. सावकाश. मी लिहून घेतेय.

यशोदा : शेवंतीला? शिबिरातून रेबीजची सुई टोचून आणली, नि तासाभरात गेली, बाय. तोंड भोपळ्याएवढं सुजलं, घशात घरघर लागली, नि गेली. ही अबोली तेव्हा दीड महिन्याची. दुपारभर त्या गार पोटाशी दूध हुंगत बसली होती.

सेलिन : आणि तरी आज हिला लस द्यायला आणलंत?

यशोदा : तरी नाही, बाय. माझ्या पोटावर चौदा सुया टोचल्यात, म्हणून आणलं. गणपतीत शेजारच्या बॅप्टिस्टचा कुत्रा, रेक्स, पिसाळला. मी मोगरा खुडत होते, तो मागून येऊन पोटरीला चावला. चौथ्या दिवशी तो मेला, नि मी चौदा दिवस रोज एक सुई घेतली. चौदा मी घेतल्या, एक ही घेईल.

सेलिन : मग नीट ऐका. लसीनं त्रास होतो का, तर होतो. पुष्कळांना इतकाच, की दिवसभर मलूल पडतात, जेवत नाहीत, टोचल्या जागी गाठ येते. दोन दिवसांत जातं. पण एखाद्याचं अंगच लसीवर उठतं. तोंड सुजतं, पित्तासारख्या गांधी येतात, उलटी, धाप. ते बहुतेक पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. आईला झालं म्हणून लेकीला होईलच असं नाही. पण तुम्ही आल्या-आल्या बोललात, म्हणून मघाशीच मी तिला सूज आवरायचं औषध दिलंय. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. झालं तर मी इथे आहे, उताऱ्याचं इंजेक्शन हाताशी आहे, एवढंच म्हणते.

यशोदा : तेवढं पुरे. टोच.

दयाराम : यशोदे! आधी ती पोर टेबलावरून खाली उतरव!

यशोदा : आलेच हे. टोपली नि कुत्री दोन्ही दिसली नाहीत, तेव्हाच कळलं असेल.

दयाराम : निर्मळपासून इथवर सायकल हाणत आलोय. मला न सांगता?

यशोदा : सांगितलं असतं, तर आणू दिली असतीत?

दयाराम : नसती! एक मारून झाली, आता ही? आणि तू गं, तू गॅब्रिएलची पोर ना? तुझ्या बापानं केळीचे मुनवे माझ्या वाडीतून नेले लावायला, नि तू माझ्याच कुत्रीवर सुई उगारतेस?

सेलिन : त्या केळी छान लागल्यात, काका. तुम्ही बसा. मावशी, मान धरा तिची. झालं.

दयाराम : झालं? कधी?

सेलिन : तुम्ही मुनव्यांचं सांगत होतात तेव्हा. आता अर्धा तास इथून कुणी हलायचं नाही. त्या घड्याळात साडेनऊ झालेत. दहाला बघू.

दयाराम : दहाला पंपाची लाइट जाते. केळी तहानल्यात.

यशोदा : जा मग. मी तिला एकटीनं आणली, एकटीच नेईन.

दयाराम : ...बसतो.

यशोदा : ये गं माझी बाई. मांडीवर डोकं ठेव. नाव अबोली, नि रातभर वाडी डोक्यावर घेते.

दयाराम : गाऊ नकोस आता इथे. दवाखाना आहे.

यशोदा : माझ्या मांडीवर आहे, मी गाईन.

माझ्या ग वाडीला
नाही काट्याचं कुंपण,
अबोली माझी बाई
करी रातीची राखण.

सेलिन : तुम्ही रचलीत?

यशोदा : रचते कुठे, बाय. फुलं ओवताना दोऱ्याबरोबर येतं.

दयाराम : उद्या हिला काही झालं, तर हेच गात बस.

यशोदा : झालं तर बघू. पण एक सांगते, आज नाहीतर कधी सांगणार. शेवंतीनंतरच्या शिबिराला आपल्या आळीतली किती कुत्री गेली?

दयाराम : मला काय ठाऊक.

यशोदा : एक नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच, दयारामभाऊची शेवंती सुईनं मेली. तुम्ही देवळाच्या पारावर सांगितलंत, पिठाच्या गिरणीत सांगितलंत, बॅप्टिस्टच्या फाटकाशी उभं राहून सांगितलंत.

दयाराम : खोटं सांगितलं का?

यशोदा : रेक्सला का टोचलं नाही, ठाऊक आहे? बॅप्टिस्टनं मला चौदा दिवस स्कूटरवर मागे बसवून इंजेक्शनला नेलं. नवव्या दिवशी पुलापाशी गाडी थांबवली नि रडला. म्हणाला, भाभी, शिबिराच्या दिवशी मी रेक्सच्या गळ्यात साखळी घातली होती. मग दयारामभाऊ आठवले, नि साखळी काढली.

दयाराम : तो असं म्हणाला?

यशोदा : म्हणाला, भाऊंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. मी सांगितलं नाही. आज सांगितलं.

सेलिन : काका, पाणी देऊ?

दयाराम : नको. किती झाले?

सेलिन : नऊ अठ्ठेचाळीस.

दयाराम : तिचा ओठ बघ.

सेलिन : कुठला?

दयाराम : डावा. नि डोळ्याखाली. बघ नीट.

यशोदा : मला तर काही दिसत नाही.

दयाराम : दिसेल. आता ती पायानं नाक घासेल. असंच सुरू होतं.

(अबोली पुढच्या पायाने नाक घासू लागते.)

सेलिन : मावशी, टेबलावर घ्या तिला. काका, मागचे पाय धरा. घट्ट नको, नुसता हात ठेवा. श्वास मोकळा आहे. हिरड्या गुलाबी आहेत. घाबरू नका, ओठच सुजलाय. हे एक मांडीत... झालं, शहाणी ती. आता तिच्याशी बोलत राहा, आवाज चढवू नका.

यशोदा : मी चढवत नाही. हळूच विचारते. तुम्हाला कसं ठाऊक, असंच सुरू होतं?

दयाराम : यशोदे...

यशोदा : तुम्ही म्हणाला होतात, वाडीत येईपर्यंत काही नव्हतं. टोपली उघडली नि एकदम दिसलं.

दयाराम : तळ्यापाशी दिसलं होतं.

यशोदा : कुठल्या तळ्यापाशी?

दयाराम : आपल्याच. देवळाच्या. शिबिरातला डॉक्टर म्हणाला होता, अर्धा तास थांबा. मी थांबलो नाही. दहाला लाइट जाणार होती. टोपलीत घातली, सायकलला बांधली. ऊन होतं, तिला चटका नको, म्हणून फुलांवर घालतो तसं गोणपाट ओलं करून घातलं वरून. आतून खसखस करत होती. मला वाटलं, गोणपाट टोचतंय.

यशोदा : मग?

दयाराम : तळ्यापाशी थांबून पुन्हा पाणी मारायला गोणपाट उचललं. ओठ असा. डोळा असा. म्हटलं, गांधीलमाशी चावली असेल. तिथून शिबिर पाव मैल मागे होतं, यशोदे. नुसता पाव मैल. मी गोणपाट परत घातलं, नि पुढे निघालो.

यशोदा : केळींना पाणी मिळालं का त्या दिवशी?

दयाराम : नाही. पोचलो तेव्हा लाइट गेली होती.

सेलिन : काका, इकडे बघा. हा ओठ बघा. मघापेक्षा कमी वाटतो की नाही?

दयाराम : कमी आहे. कमी आहे गं! डोळा पण उघडतेय.

सेलिन : शेवंतीला हेच औषध मिळालं असतं, तर ती जगली असती, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. तिला जास्त झालं असेल. पण मागे वळायला जागा होती, हे खरं.

दयाराम : खरं ते बोललीस. बापासारखी आहेस.

सेलिन : आता आणखी दोन तास बसायचं. मग कागद देते. त्यावर आजचं सगळं लिहिलंय, लसीचं नाव, किती मिनिटांनी सुजली, काय दिलं. पुढच्या वर्षी हा कागद घेऊनच यायचं. तेव्हा दुसऱ्या बनावटीची लस मिळते का बघेन, औषध आधी देईन, आणि तेव्हाही असंच बसायचं.

यशोदा : पुढच्या वर्षी पण द्यायची?

सेलिन : भीती वाटली ना?

यशोदा : वाटली. पण देऊ. आपल्याला कळलंय ना आता, आधी काय दिसतं ते.

दयाराम : पंपाची लाइट...

यशोदा : गेली कधीच.

दयाराम : जाऊ दे. यशोदे, बॅप्टिस्टनं नवं पिल्लू आणलंय म्हणे?

यशोदा : काळं. तीन महिन्यांचं झालं. सुई द्यायची नाही म्हणतो.

दयाराम : का?

यशोदा : का काय विचारता.

दयाराम : हं. जाताना त्याच्या फाटकाशी थांबू.

यशोदा : काय सांगाल?

दयाराम : सुईनं सुजली, पण मारली मी.

यशोदा : एवढं नको. मी थांबलो नाही, इतकंच सांगा. त्याला कळेल. नि त्याच्या पिल्लाला आणाल तेव्हा बाकावर तुम्ही बसा त्याच्याबरोबर.

दयाराम : बसेन. अर्धा म्हटला तर तास बसेन.

सेलिन : काका, टोपलीवरचं ते गोणपाट बाहेर नळाखाली भिजवून ठेवू का? बारा वाजता ऊन होईल.

दयाराम : नको, पोरी. इथेच राहू दे. मी सायकल ढकलत नेतो, यशोदा पदराची सावली धरील. तोंड दिसत राहिलं पाहिजे तिचं.