सातवं रोप

नाय साहेब, आधी ते खुरपं पडवीत ठेवा, मग बोलू. जव्हारच्या महाराजांची चिठ्ठी राहू द्या, मला वाचता येत नाय. लाडक्या भगत मीच. रेग्यांनीच धाडलं ना जामसरला? मुंबईच्या कालेजातले रेगे — झाडपाल्याची ती मोठी परीक्षा, पुस्तकाएवढं लिवायचं — पोरगा गुणी होता हो, खोटं कशाला बोलू. माझ्याच घरात राहिला. दाबून ठेवलेल्या झाडांचे कागद रोज बदलायचे, ओले काढून सुके घालायचे — ते माझी लेक करायची, नवशी. पोटुशी होती, तरी हसत करायची.

बाळंतिणीचं रगत थांबवायची मुळी — तुमाला पण तीच पायजे ना? त्या टेपावर, त्या टेकाडावर, सातच रोपं. सहा खणली तरी सातवं ठेवायचं, ती आई. आमच्या बारक्या पोरांना पण ठावं. सहा दिली मी. मग भाताची आवणी लागली, रोपं लावायला नवशी तीन दिवस शेतावर — आन् यानं कागदाला हात लावला नाय. वही लिवत बसला! सगळ्याला बुरशी. रडला हो माझ्यापुढं. दोन वर्षं फुकट जातील म्हणाला, मुळासकट नसलं तर गुरुजी घेत नाय म्हणाला. मग काय — गाव त्याला शिव्या देतं, मी देऊ देतो. पण त्यानं नाय खणलं साहेब. सातवं मी खणलं. या हातानं.

भादव्यात नवशी बाळंत झाली. रगत थांबेना. मी टेपावर पळालो — का पळालो? मला ठावं नव्हतं? सात खड्डे, पाण्यानं भरलेले. मुळी असती तर वाचलीच असती असं नाय, कधी गुण येतो, कधी नाय. पण मी रिकाम्या हातानं घरात आलो, आन् ती माझ्या हाताकडंच बघत होती.

ती अंगणात खेळते ना, धाकली — ती तिचीच.

रेगे पास झाले? — झाले. बरं झालं. त्या रोपाच्या कागदावर त्यांनी काय लिवलंय, तुमी उतरून आणलंय म्हणता — वाचा की. जामसर... टेपाचा उतार... हां. आन् पुढं? — पुढं काय लिवलंय, साहेब?

'इथे पुष्कळ उगवते.'

उठा. खुरपं घ्या तुमचं. दिवस आहे तोवर जव्हार गाठा.