विचारपूस, लुधियान्यावरनं

दोन हजार चोवीस साल, मला एकाहत्तरावं लागलेलं. गाव विट्याकडं, शाळा दोन इयत्ता, पोरवयात सोनं गाळायच्या धंद्यात हिकडं पंजाबाकडं आलो. चंडीगडात स्वतःची भट्टी घातली, कुणाच्या हाताखाली राबलो न्हाय. बायको वारली. आता चंडीगडाशेजारच्या खरड गावात, फ्लॅटात पोरगा संतोष, सून अश्विनी आणि दोन नातवंडं.

तिसऱ्या खेपेला अश्विनीला दिवस गेले, दोघांनी ठरवलं, नको. ठीक हाय, त्यांचा संसार. पोरगा लुधियान्याला कामात अडकलेला, म्हणून तिला घेऊन दवाखान्यात मी गेलो. सोनोग्राफी झाली, डॉक्टरीण म्हणाली दिवस कमी हायत, गोळ्यांनी होईल. एक गोळी तिला तिथंच दिली आणि मला आत बोलावून सांगितलं. बाबाजी, परवा बाकीच्या गोळ्या घरी गालात धरायच्या, मग काही तासांत कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, थंडी वाजेल, घाबरायचं नाही. पण तासाला दोन मोठे पॅड भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, चक्कर आली, ताप हटला नाही, तर लगेच इकडं आणायचं. सून आपली खाली मान घालून.

आता काय सांगू तुम्हाला! आमच्यात सून सासऱ्याशी असलं बोलत न्हाय. ठरल्या दिवशी तिनं गोळ्या गालात धरल्या, ती आतल्या खोलीत, मी दाराबाहेर खुर्ची टाकून. कसं वाटतंय म्हटलं की ती फोन लावणार लुधियान्याला, नवरा तिथनं फोन लावणार मला, अप्पा, तिला कळा येत्यात. अरे, कण्हणं मला भिताडातनं ऐकू येतंय की! गरम पाण्याची पिशवी पायजे, तीबी लुधियान्यावरनं. पिशवी नेली, दारातनं नुसता हात आला, पिशवी आत, दार बंद.

दुपारी पोराचा फोनच येईना. मी लावला तर बंद. आत कण्हणंबी थांबलं. मग मात्र दार बडवलं, अश्विनी, तासात दोन पॅड भिजले का गं, व्हय का न्हाय? जिन्यात शेजारची सरदारीण थबकली. थबकू दे.

आतनं आवाज आला, न्हाय मामा, एकच, तोबी अर्धा, डोळा लागलेला माझा.

मग ह्ये आधी सांगायला काय झालं हुतं?

तुम्ही इचारलं कुठं? नुसतं कसं वाटतंय म्हणत हुतासा.

आता बोला!

दुसऱ्या दिवशी सकाळी केमिस्टकडं गेलो, पॅडचा पुडा मागितला. तो काळ्या पिशवीत घालाय लागला. म्हटलं, चोरीचा माल हाय व्हय रे, दे तसाच. हातात धरून घरी आलो. अश्विनी दारात, चेहरा उतरलेला, पण उभी हुती. पुडा बघितला आणि माझ्या तोंडावर म्हणाली, मामा, ह्ये लहान हायत, डॉक्टरीण मोठे म्हणालेली.

परत गेलो. काय करणार.