फ्लीसची परीक्षा बर्फाच्या कारखान्यात

तुम्ही स्वेटर घेताना आरशात बघता ना? मी आणि सुनंदा त्यासाठी थेट बर्फाच्या कारखान्यात गेलेलो! नव्वदनंतरची गोष्ट. आमचा हिमालयातला पहिला ट्रेक आठवड्यावर आलेला आणि डोंबिवलीत घामाच्या धारा. माझ्याकडे आईने विणलेला जाडजूड लोकरी स्वेटर, तर सुनंदाकडे बोटीवर नोकरी करणाऱ्या तिच्या मामाने आणलेलं हलकंसं फ्लीसचं जॅकेट.

"हे टॉवेलसारखं कापड थंडी काय अडवणार?" मी म्हटलं.

सुनंदा कोळ्यांची. तिचे काका कल्याणला बर्फाच्या कारखान्यात होते. ती म्हणाली, "चल, बघूच."

लाद्यांशेजारी उभ्या राहिलो आणि पाच मिनिटांत दोघींचे दात वाजायला लागले. नुसत्या बनियनवर काम करणारे काका हसले.

"उबं रावून काय कलनार गो? डोंगरान चालनार ना तुमी? मंग लाद्या ढकला!"

ढकलता ढकलता आम्ही अख्खा ट्रक भरला. घामाने आणि बर्फाच्या पाण्याने माझा स्वेटर ओल्या पोत्यासारखा जड झाला. सुनंदाने जॅकेट काढून झटकलं, थोडा वेळ पंख्याखाली धरलं आणि परत घातलं. मी हात लावून बघितलं, तर जवळजवळ कोरडं!

"हरले बाई," मी म्हटलं. "असं मला कुठे मिळेल गं?"

"मामाने दोन आणलीत. दुसरं तुलाच ठेवलंय."

मी आनंदाने तिला मिठी मारली, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "दुसरा जाकीट पन हाय? बरा झाला, दुसरा ट्रक पन उबा हाय!"